साठ लिटरच्या खाऱ्या टाकीतील तांबडे चपटे कृमी: औषध आधी की नळी आधी?

काचेतला समुद्र (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार. माझ्याकडे सव्वा वर्षापासून साठ लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात सिरॅमिकचे कृत्रिम दगड, चार सेंटिमीटर वाळू, पैदास केंद्रातून आलेली क्लाउन माशांची जोडी, एक क्लीनर कोळंबी आणि थोडी झोअँथिड व मश्रूम प्रवाळे आहेत. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने ते मी ठेवलेले नाहीत आणि समुद्रातून काढलेला जिवंत दगडही (सूक्ष्मजीव वसलेला दगड) वापरलेला नाही. तापमान २५ अंश आणि पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) १.०२५ असे मी नेमाने राखते.

दोन महिन्यांपूर्वी मुंबईहून रात्रीच्या बसने झोअँथिडचा एक तुकडा आला. पिशवी टाकीत अर्धा तास तरंगत ठेवली आणि तुकडा सरळ दगडावर बसवला. कृमी सुटावेत म्हणून द्रावणाचे कोणतेही स्नान त्याला दिले नाही, ही चूक माझी आहे. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी डावीकडच्या काचेवर गंजाच्या रंगाचे ठिपके दिसले. ते शेवाळ असेल असे समजून मी काच पुसली, तर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच होते. भिंगातून पाहिल्यावर प्रत्येक ठिपका सरकत असल्याचे लक्षात आले. लांबी तीन ते पाच मिलिमीटर आहे आणि मागच्या टोकाला तीन शेपट्यांसारखी टोके आहेत. आज दुपारी दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर काचेवर मी चौतीस मोजले. मोठे मश्रूम त्यांनी इतके झाकले आहे की चार दिवसांत ते उमललेले नाही. पाण्यात लिटरमागे नायट्रेट ३० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.२ मिलिग्रॅम आहे.

ज्या दुकानातून मी मीठ घेते तिथे मला चपट्या कृमींवरच्या औषधाची बाटली मिळाली आणि संध्याकाळी टाकीत थेंब घालून टाका, असे सांगण्यात आले. बाटली समोर आहे, पण हात धजत नाही. कृपया जाणकारांनी सांगावे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

ताई, बाटली आज उघडू नका. हात धजला नाही तेच बरे झाले.

आधी ओळख पक्की करू, कारण चपटे कृमी या एकाच नावाखाली आपण अगदी वेगवेगळे प्राणी मोजतो. काचेवर रात्री दिसणारे पांढुरके, जवळजवळ पारदर्शक कृमी बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. प्रवाळाच्या अंगावर चिकटून बसणारे, गोलसर, तपकिरी आणि तीन टोके नसलेले कृमी वामिनोआ गटाचे असतात. अॅक्रोपोरा हे दगडी प्रवाळ खाणारा कृमी आपल्याकडे यायचे कारण नाही, कारण ते प्रवाळच आपण ठेवत नाही. तुमचे वर्णन मात्र कॉन्व्होल्युट्रिलोबा या कृमींच्या गटाचे आहे. गंजासारखा रंग आणि तीन शेपट्या एकत्र असल्या की शंका फारशी उरत नाही. यांतल्या रेट्रोजेम्मा या जातीचे शास्त्रीय वर्णन १९८८ मध्ये झाले आणि तिच्या नावातच तिची खोड सांगितली आहे, कारण त्या नावाचा अर्थ उलटी कळी असा होतो. मागच्या टोकाला पिलाची कळी फुटते, तिचे तोंड आईच्या उलट दिशेला असते आणि काही दिवसांत ती सुटून स्वतंत्र कृमी होते. जोडीदार लागत नाही. म्हणूनच एका तुकड्याबरोबर आलेले दोनचार कृमी दोन महिन्यांत काच व्यापतात.

यांच्या शरीरात सूक्ष्म हिरवे शेवाळ राहते व ते प्रकाशावर अन्न तयार करते. शिवाय हे कृमी पाण्यातले बारीक कवचधारी जीव पकडून खातात. प्रकाश भरपूर आणि प्रवाह मंद अशा जागी ते जमतात. तुमच्या डाव्या काचेवर दुपारी खिडकीचा उजेड येत असणार आणि पंपाचा झोत तिथे पोहोचत नसणार, असा माझा अंदाज आहे. मश्रूमला ते खात नाहीत, तर त्याच्यावर बसून त्याचा उजेड अडवतात. पण त्याचे नुकसान व्हायला तेवढेही पुरे होते.

औषधाची भीती का बाळगायची, ते शहापूरच्या मित्रांनी सांगितलेले जास्त योग्य ठरेल. त्यांनी ते भोगले आहे.

शहापूरचा खारवा (शहापूर, बेळगाव)

काकांनी बोलावले म्हणून लिहितो, नाहीतर ती रात्र पुन्हा आठवावीशी वाटत नाही.

माझी टाकी ऐंशी लिटरची होती. कृमी तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त होते, वाळूसुद्धा तांबडी दिसत होती. संध्याकाळी सात वाजता मी लेबलवर लिहिल्याप्रमाणे मोजून औषध घातले. मात्रा बरोबर होती हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले ते औषधामुळे झाले नाही. दहा मिनिटांत कृमी आखडून सुटू लागले, वीस मिनिटांत पाण्यात तांबूस कण बर्फासारखे तरंगत होते आणि मला वाटले की काम फत्ते झाले. मेलेल्या कृमींच्या शरीरातून विष पाण्यात उतरते आणि हजारो कृमी एकाच तासात मेले की लहान टाकीत ते विरायला जागाच नसते, हे मला ठाऊक नव्हते. आठ वाजता क्लाउन मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. घरात ताजा कार्बन (पाण्यातले विष शोषणारा कोळसा) नव्हता, मिसळून ठेवलेले खारे पाणी नव्हते, आणि रात्री साडेआठला या गावात ते मिळणार तरी कुठे? मी गोडे पाणी घेऊन मीठ ढवळत बसलो. साडेदहापर्यंत दोन्ही मासे, दोन कोळंब्या आणि गोबी जातीचा एक मासा गेले होते. पाच वर्षांची जोडी होती.

औषध वाईट नाही. मी ते भरल्या टाकीत घातले, ही चूक होती. आधी नळीने कृमी काढा. जेवढे जिवंत बाहेर जातील, तेवढे विष टाकीत उतरणार नाही. आणि औषधाच्या दिवशी कार्बन व निदान अर्ध्या टाकीचे तयार पाणी शेजारी असल्याशिवाय बाटलीचे झाकण फिरवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

निपाणीकर (निपाणी)

सिक्स लाइन रास हा मासा हे कृमी खातो असे वाचले आहे. औषधापेक्षा तो आणून सोडला तर नैसर्गिक उपाय होणार नाही का? आणि नवे पाणी पुष्कळ लागणार असेल तर वेंगुर्ल्याहून कॅन भरून आणता येईल. अंबोली घाटातून माझे नेहमी जाणे असते.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सिक्स लाइन रास खातो, पण प्रत्येक मासा खातोच असे नाही. काही जण तांबड्या कृमीला तोंडही लावत नाहीत. तो सात-आठ सेंटिमीटरचा होतो, मोकळी जागा मागतो आणि लहान टाकीत बाकीच्यांना कोपऱ्यात कोंडतो. साठ लिटरमध्ये तो सोडणे म्हणजे कृमींच्या जागी दुसरी डोकेदुखी आणणे. पिवळा कोरिस रास याहून शांत असतो, पण त्यालाही टाकी मोठी लागते. निळ्या रेघांची केलिडोनुरा नावाची सागरी गोगलगाय फक्त असेच कृमी खाते, पण ते संपले की ती उपाशी मरते. आपल्या टाकीची स्वच्छता व्हावी म्हणून एका जिवाला उपासमारीसाठी आणणे मला पटत नाही.

वेंगुर्ल्याच्या पाण्याबद्दल सांगायचे तर पावसाळ्यात किनाऱ्याजवळ नद्यांचे गोडे पाणी आणि गाळ मिसळतो, खारेपणा रोज बदलतो. सध्या जुलै चालू आहे. मीठ आणि आरओचे पाणी हाच भरवशाचा मार्ग. बेळगाव शहराला राकसकोप किंवा हिडकल जलाशयाचे पाणी येते, ते थेट वापरू नये. अनेक घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळणारा कप्पा असतो, त्याच्या आधीच्या जोडातून पाणी घ्यावे.

अथणीचा पशुवैद्य (अथणी)

माझा व्यवसाय मेंढ्या-शेळ्यांचा आहे आणि खाऱ्या टाकीचा छंद तीन वर्षांचा आहे. औषधाविषयी एक महत्त्वाची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या भागात जंतांचे औषध प्रत्येक धनगराच्या घरी असते आणि टाकीतले जंत म्हटल्यावर कोणीतरी ते सुचवतोच.

जंत हा एक प्राणी नाही. मेंढीच्या पोटातले गोल कृमी लेव्हामिसोलने जातात. हे औषध त्यांच्या स्नायूंना सतत आखडलेल्या अवस्थेत ठेवते आणि कृमी पकड सोडतो. पण मेंढीच्या यकृतातल्या चपट्या कृमीवर, म्हणजे लिव्हर फ्लूकवर, तेच औषध निकामी ठरते. तिथे ऑक्सिक्लोझानाइड किंवा ट्रायक्लाबेंडाझोल द्यावे लागते. आता गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्याजोगा भाग असा की तुमच्या टाकीतले कृमी दिसायला चपटे असले तरी १९९९ नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी या गटाला खऱ्या चपट्या कृमींपासून वेगळे काढले आहे. फ्लूकवर न चालणारे लेव्हामिसोल या कृमींवर मात्र चालते, आणि छंदाच्या टाक्यांत त्याचा उपयोग पुष्कळांनी केला आहे.

तरीही जनावरांचे द्रावण टाकीत घालू नये. बाजारात लेव्हामिसोल आणि ऑक्सिक्लोझानाइड एकत्र असलेली द्रावणे मिळतात, त्यांत रंग आणि घट्टपणा देणारे पदार्थ असतात, आणि मेंढीच्या किलोवर ठरलेली मात्रा लिटरवर आणताना होणारी चूक लहान टाकीत जिवावर बेतते. ताईंकडे टाकीसाठीच बनवलेले औषध आहे, तेच वापरावे.

एक सूचना. आम्ही कळपाला औषध देण्यापूर्वी चार जनावरांना देऊन पाहतो. तसे तुम्ही एक लिटर टाकीचे पाणी बरणीत घ्या, त्यात पाच-दहा कृमी सोडा आणि लिटरच्या हिशेबाने औषध घाला. वीस मिनिटांत ते आखडले, तर औषध चालते आणि ओळखही बरोबर आहे असे समजा.

काचेतला समुद्र (टिळकवाडी, बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. बाटली कपाटात ठेवली आहे. दोन शंका आहेत. नळीने काढलेले पाणी गाळून परत टाकीत घालावे का, कारण मीठ महाग आहे? आणि औषधाची मात्रा साठ लिटरवर धरायची का?

मलप्रभाकाठ (खानापूर)

मात्रा साठवर धरू नका. तुमची टाकी काचेच्या मापाने साठ लिटरची आहे. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी पंचेचाळीस-सेहेचाळीस लिटरच असावे. साठचा हिशेब धरलात तर औषध तीस टक्के जास्त पडेल. पुढच्या वेळी पाणी बदलताना बादली मोजून खात्री करा.

नळीने काढलेले पाणी परत घालू नका. नळीतून येताना काही कृमी फाटतात आणि त्यांचा रस त्या पाण्यात असतो. रोज चार लिटर काढा. चार लिटर नव्या पाण्याला साधारण दीडशे ग्रॅम मीठ लागते, आणि तेवढा खर्च माशांच्या जिवापुढे करावा.

पद्धत अशी. हवेच्या पंपाची साधी पातळ नळी घ्या, जाड नळी एका मिनिटात चार लिटर ओढून घेते आणि कृमी जागेवरच राहतात. टोकाजवळ जुना दातांचा ब्रश रबराने बांधा, म्हणजे ब्रशने कृमी सुटेल त्याच क्षणी नळी त्याला ओढेल. पहाटे किंवा रात्री करू नका, तेव्हा ते दगडांच्या फटीत असतात. भर दुपारी, काचेवर जमलेले असताना करा. उजेड हेच त्यांना एका जागी आणणारे साधन आहे, तेव्हा डावीकडचा पंप तसाच राहू द्या, झोत वळवू नका. झोत आत्ता वळवलात तर ते पांगतील. तो शेवटी वळवायचा आहे.

मश्रूमवरचे कृमी ब्रशने काढू नका, पिचकारीने पाण्याचा हलका फवारा मारून उडवा आणि नळीने टिपा. झोअँथिडला हात लावताना हातमोजे आणि चष्मा हवाच. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. तुकडा कधी उकळू नका, कोरडा घासू नका आणि हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका.

काचेतला समुद्र (टिळकवाडी, बेळगाव)

नऊ दिवसांचा वृत्तान्त देते. रोज दुपारी शाळेतून येऊन पाऊण तास नळी धरली. पहिल्या दिवशी तीनशेच्या आसपास कृमी निघाले, पुढे मोजणे सोडले. त्याच दहा बाय दहाच्या चौकोनात आता चौतीसऐवजी सहा आहेत. बादली मोजून पाहिली, पाणी सेहेचाळीस लिटर भरले. काकांचा अंदाज अचूक ठरला. रोज चार लिटर बदलल्याने नायट्रेट ३० वरून १५ वर आले. फॉस्फेट मात्र ०.२ वरून ०.१२ पर्यंतच उतरले.

पाचव्या दिवशी जोराचा पाऊस झाला आणि दुपारभर वीज नव्हती. बॅटरीवरचा हवेचा पंप लावून बसले होते, तेव्हा मनात सारखे येत होते की औषध घातल्यावर हे झाले असते तर काय केले असते.

मलप्रभाकाठ (खानापूर)

फॉस्फेट सावकाश उतरते, कारण दगड आणि वाळूने साठवलेले ते परत पाण्यात येत राहते. काळजी नको. माशांना दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढे खाद्य द्या. पुढच्या रविवारपर्यंत नळी चालू ठेवा, मग औषध.

काचेतला समुद्र (टिळकवाडी, बेळगाव)

रविवारचे सविस्तर लिहिते, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

शनिवारी बरणीची चाचणी घेतली. आठ कृमी होते, बारा मिनिटांत सर्व गोळा होऊन तळाला गेले. शनिवारीच तीस लिटर खारे पाणी मिसळून, हवा सोडून, २५ अंशावर आणून ठेवले. रविवारी सकाळी नऊला दोन्ही मासे आणि कोळंबी वीस लिटरच्या बादलीत टाकीच्याच पाण्यात हलवली. बादलीत हीटर आणि हवेचे बुडबुडे सोडणारा दगड होता. त्यांना काढताना टाकीत आलेली तूट नव्या पाण्याने भरून घेतली. फिल्टरमधला जुना कार्बन काढला, पंप चालू ठेवले.

सेहेचाळीस लिटरवर मात्रा मोजून घातली. आठव्या मिनिटाला काचेवरचे कृमी सुटले. दगडांच्या मागून, जिथे एकही दिसत नव्हता तिथून, साठ-सत्तर तरी बाहेर आले. ते पाहून नऊ-दहा दिवसांची मेहनत आठवली आणि शहापूरच्या दादांच्या टाकीत काय झाले असेल याची कल्पना आली. चाळीस मिनिटे सुटलेले कृमी नळीने टिपत होते, त्यातच वीस लिटर पाणी बाहेर गेले. मग नवे पाणी भरले आणि ताजा, धुतलेला कार्बन शंभर ग्रॅम फिल्टरमध्ये ठेवला. वाळूतले दोन केसाळ कृमी मेलेले सापडले, तेही काढले. झोअँथिड दोन दिवस मिटलेली राहिली. मासे सोमवारी सकाळी परत सोडले आणि त्यांनी लगेच खाल्ले.

शहापूरचा खारवा (शहापूर, बेळगाव)

वाचून फार समाधान वाटले. मासे लगेच खायला लागले हे वाक्य मी दोनदा वाचले. आता आठवड्याने दुसरी मात्रा चुकवू नका. या कृमींचा अंड्यांवर भर नसल्याने औषधातून निसटलेला एखादा मोठा कृमी हेच पुढच्या पिढीचे मूळ असते.

अथणीचा पशुवैद्य (अथणी)

दुसऱ्या मात्रेलाही तयारी पहिल्यासारखीच ठेवा. कृमी दिसत नाहीत म्हणून कार्बन आणि पाणी कमी करू नका.

निपाणीकर (निपाणी)

रास घेण्याचा विचार मी सोडला. माझ्याकडे नवा झोअँथिडचा तुकडा येणार आहे. तो थेट टाकीत जाऊ नये यासाठी काय करावे?

मलप्रभाकाठ (खानापूर)

तुकडा ज्या छोट्या बुंध्यावर चिकटवलेला असतो, तो बुंधा काढून टाका. निम्मे पाहुणे त्याच्याच खालच्या बाजूला असतात. मग आरओच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, तापमान टाकीइतके करा आणि तुकडा त्यात दोन मिनिटे हलवत धरा. सोड्याने पाण्याचा सामू समुद्राच्या जवळ येतो, पण मीठ नसल्याने कृमी सुटतात. खाली पांढरी ताटली ठेवली तर पडलेले दिसतात. नंतर पाच-सहा लिटरच्या वेगळ्या बरणीत, लहान हीटर आणि हवेच्या दगडासह, चार आठवडे ठेवा. रोज दुपारी भिंगाने बघा. ताईंची टाकी अशा एका बरणीच्या अभावी दोन महिने खोळंबली.

काचेतला समुद्र (टिळकवाडी, बेळगाव)

दुसरी मात्रा आठव्या दिवशी दिली, तीन कृमी निघाले. त्यानंतर काकांच्या सांगण्याप्रमाणे डावीकडचा पंप काचेकडे वळवला आणि खिडकीला पडदा लावला. मोठे मश्रूम पूर्ण उमलले आहे, कडेला थोडे फिकट राहिले आहे. तीन आठवडे काच स्वच्छ होती.

आज दुपारी फिल्टर धुवायला उघडला, तेव्हा मागच्या कप्प्यात, जिथे टेबलावरच्या दिव्याचा उजेड पडतो आणि पाणी जवळजवळ स्थिर असते, तिथे दोन कृमी सापडले. मागच्या दोन्ही वेळी तो कप्पा मी पाहिलाच नव्हता. दोन्ही बाहेर काढले आहेत. तिसरी मात्रा येत्या रविवारी देईन आणि या वेळी फिल्टर उघडा ठेवून त्याच्या कप्प्यांतही नळी फिरवीन. पाणी मिसळायला आजच ठेवले आहे, कार्बन आणला आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आणि पंपाच्या जाळीमागेही पाहा. रविवारी सकाळी मी बेळगावात आहे. चालत असेल तर नऊला येतो, दोन नळ्या लागतील.